एकाच वायरवर तीन टाँग टेस्टर, तीन आकडे: करंट प्रोब आत नेमकं करतो काय?

ओह्मकार (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ७.५ किलोवॅटची तीन फेज मोटर, व्हीएफडीवर (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) २० हर्ट्झला चालू, लोड स्थिर. ड्राइव्हचा डिस्प्ले ११.८ अँपिअर दाखवतो. आउटपुटच्या यू फेजवर, एकाच वायरवर, तीन टाँग टेस्टर (वायर न तोडता जबड्यात किंवा पट्ट्यात पकडून करंट मोजणारे क्लॅम्प) लावले तर:

जुना एसी टाँग टेस्टर: ८.९
एसी-डीसी हॉल क्लॅम्प, ट्रू आरएमएस (करंटचा आकार कसाही असो, खरं परिणामी मूल्य दाखवणारा): १२.४
लवचीक पट्ट्याचा रोगोव्स्की क्लॅम्प, ३००० अँपिअर रेंजवर: १६, मध्येच १३, मध्येच १९

तिघांवरही कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, तारीख उलटलेली नाही. तिघं नेमकं काय मोजतात, आणि कुणाचं ऐकायचं?

खडीसाखर
तिघांची बेरीज करा, तिनाने भागा, वर दोन अगरबत्त्या.

फेजबदलू
सोपं आहे. जुना टाँग टेस्टर ट्रू आरएमएस नाही. व्हीएफडीचं आउटपुट म्हणजे पीडब्ल्यूएम, चौकोनी तुकडे. साइन वेव्ह गृहीत धरून सरासरीला १.११ ने गुणणारा मीटर तिथे फसणारच. विषय संपला.

तारतम्य
विषय संपलेला नाही, फेजबदलू. चौकोनी तुकडे व्होल्टेजचे असतात, करंटचे नाही. मोटरच्या वाइंडिंगचं इंडक्टन्स करंट गुळगुळीत करतं. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, तरंगाचा आकार दाखवणारं यंत्र) बघितलंत तर जवळजवळ साइन वेव्ह दिसेल, वर कॅरिअरची, म्हणजे ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगची, बारीक झालर. अशा आकाराला सरासरीवाला आणि ट्रू आरएमएस यांच्यात फार तर एक-दोन टक्क्यांचा फरक पडेल. इथे पंचवीस टक्के गेलेत.

सरासरीवाला फसतो तो ड्राइव्हच्या इनपुट बाजूला. तिथे डायोड ब्रिज आणि कपॅसिटर आहेत, त्यामुळे करंट शिखराशिखरांत येतो. तीन फेज इनपुटला तो ५ ते ३० टक्के कमी दाखवू शकतो. सिंगल फेज एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) किंवा एलईडी ड्रायव्हरवर ही तूट ४० टक्क्यांपर्यंतही जाते. ओह्मकार आउटपुटबद्दल विचारताहेत.

न्यूट्रल
पॉपकॉर्न आणलेत. चालू द्या.

वाइंडर काका
८.९ च्या मागे दोन कारणं दिसतात, आणि दोन्ही एकाच जागी भेटतात: जबड्याच्या तोंडाशी.

एसी टाँग टेस्टर म्हणजे सरळसरळ ट्रान्सफॉर्मर. जबडा हा गाभा, आतून गेलेली तुमची वायर हा एका वेटोळ्याचा प्रायमरी, हँडलमधलं वाइंडिंग हा सेकंडरी. सेकंडरीला १००० वेटोळी असतील तर १०० अँपिअरचे १०० मिलिअँपिअर होतात. ते एका छोट्या रेझिस्टरमधून (याला बर्डन म्हणतात) जातात आणि त्यावरचं व्होल्टेज मीटर वाचतो.

पण हा ट्रान्सफॉर्मर आदर्श नाही. गाभ्यात फ्लक्स उभा करायला थोडा करंट खर्ची पडतो, तेवढा सेकंडरीपर्यंत पोचतच नाही. सेकंडरीचं मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स जितकं कमी तितका हा खर्च जास्त. आणि ते इंडक्टन्स सगळ्यात जास्त कशावर ठरतं? जबडा मिटल्यावर उरलेल्या हवेच्या फटीवर.

आकड्यात मांडतो. सेकंडरी १००० वेटोळी, गाभ्याचा छेद १ चौरस सेंमी, लोखंडातली वाट १५ सेंमी, पर्मिएबिलिटी (हवेच्या किती पट सहज फ्लक्स वाहतो ते) ५०००. म्हणजे लोखंड हे हवेच्या ०.०३ मिमी फटीइतकं. जबडा स्वच्छ असेल, दोन्ही तोंडांवर मिळून ०.०५ मिमी फट धरा. एकूण ०.०८ मिमी. इंडक्टन्स सुमारे १.५७ हेन्री. वाइंडिंग आणि बर्डन मिळून ५५ ओहम धरले तर खालची कोपरा-फ्रीक्वेन्सी (जिच्याखाली आकडा झपाट्याने पडतो) साधारण ५.६ हर्ट्झ. ५० हर्ट्झला ९९.४ टक्के मिळतात, आणि तो अर्धा टक्का कॅलिब्रेशनमध्ये सामावून घेतलेला असतो. २० हर्ट्झला ९६ टक्के.

आता तोंडावर ग्रीस, धूळ, गंज. दोन्हीकडे मिळून फट ०.३ मिमी झाली, म्हणजे साध्या कागदाच्या तीन थरांएवढी. इंडक्टन्स ०.३८ हेन्रीवर येतं, कोपरा २३ हर्ट्झवर चढतो. ५० हर्ट्झला ९१ टक्के, २० हर्ट्झला ६६.

तुमचे ८.९ म्हणजे १२ च्या ७४ टक्के. २० हर्ट्झच्या या दोन टोकांच्या (९६ आणि ६६) मध्ये बसतात.

ओह्मकार
काका, पण स्टिकर तर आहे...

वाइंडर काका
स्टिकर जबड्यावरची ग्रीस पुसत नाही. आणि साध्या एसी क्लॅम्पचं कॅलिब्रेशन ५० हर्ट्झला होतं. तुमच्या मीटरच्या पत्रकात फ्रीक्वेन्सीची ओळ शोधा, बहुतेक ४५ ते ४०० हर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असेल. २० हर्ट्झला तो काय दाखवेल याचं वचन कुणी दिलेलंच नाही.

साफ करायची रीत: वायरवरून काढा, जबडा उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा, दोन्ही तोंडं पुसा, वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका. तोंडं घासून सपाट केलेली असतात, एक कोपरा गोल झाला की फट कायमची. मग उजेडाकडे धरून मिटवा, मधून प्रकाश दिसता कामा नये. जबडा पडून वाकलेला असेल तर साफसफाईने काही होत नाही.

सर्किटशास्त्री
काकांना +१. एक भर: वायर जबड्याच्या मध्यावर ठेवा. तोंडाच्या फटीला चिकटलेली वायर आणि मधली वायर यांत आकडा हलतो. शेजारून दुसरी जाड केबल जात असेल तर क्लॅम्प असा फिरवा की ती तोंडांपासून लांब राहील.

दादाची वायर
बाळबोध प्रश्न. घरच्या इस्त्रीच्या वायरला टाँग टेस्टर लावला तर शून्य का येतो? मीटर खराब?

न्यूट्रल
नाही दादा, मीटर एकदम प्रामाणिक आहे. वायरमध्ये जाणारा आणि येणारा करंट दोन्ही आहेत, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. फेजची एकटी वायर पकडावी लागते. त्यासाठी सुट्या कोअरची आखूड एक्स्टेन्शन करून ठेवतात. तिच्यावर फेजची दहा वेटोळी घेतली तर आकडा दहापट येतो, दहाने भागा. अर्ध्या अँपिअरसाठी ही युक्ती झकास.

सर्किटशास्त्री
आणि तो शून्य पूर्ण शून्य नसेल तर कान टवकारायचे. फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडल्यावर उरतो तो लीकेज, म्हणजे दुसऱ्या वाटेने जमिनीत गळणारा करंट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज झाला की सप्लाय तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होतोय असं वाटलं की लीकेज क्लॅम्प आधी मेनवर, मग एकेका सर्किटवर. त्याला ०.०१ मिलिअँपिअरपर्यंत दिसावं लागतं आणि जबड्याला बाहेरून चुंबकीय कवच असतं. साध्या टाँग टेस्टरने २० मिलिअँपिअर शोधणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर वेलदोडे तोलणं.

हिस्टेरेसिस
आता हॉलवाल्याकडे वळू. ट्रान्सफॉर्मर फक्त बदलणारा फ्लक्स ओळखतो, डीसी त्याला दिसतच नाही. म्हणून गाभ्याला मुद्दाम एक फट ठेवतात आणि तिच्यात हॉल सेन्सर बसवतात. एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवलेला परिणाम हाच: पट्टीतून करंट वाहताना आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज उभं राहतं. हे क्षेत्र स्थिर असलं तरी चालतं, म्हणून डीसी मोजता येतो.

फट एकूण ३ मिमी असेल तर १ अँपिअरला तिच्यात साधारण ०.४ मिलीटेस्ला मिळतात. आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ०.०४ मिलीटेस्ला. म्हणजे नुसता क्लॅम्प हातात फिरवला तरी शेवटचा अंक ०.१ अँपिअरच्या आसपास हलतो.

खडीसाखर
म्हणजे मीटरलाही वास्तुशास्त्र लागतं! पूर्वेकडे तोंड करून मोजावं का?

हिस्टेरेसिस
हसा, पण अर्धं खरं आहे. ज्या जागी आणि ज्या दिशेने मोजणार, तिथेच रिकामा जबडा मिटवून झिरो दाबायचा आणि मग क्लॅम्प न फिरवता वायर आत घ्यायची. सोलर स्ट्रिंगच्या १० अँपिअरवर फरक पडत नाही. वाहन बंद असताना बॅटरीतून गळणारा ५० मिलिअँपिअर शोधायचा असेल तर मात्र सगळा खेळ झिरोचाच आहे.

दुसरा शत्रू म्हणजे गाभ्यात उरलेलं चुंबकत्व. मोठा डीसी मोजून लगेच झिरो बघा, अर्धा-एक अँपिअर शिल्लक दिसेल. जबडा दोन-चार वेळा उघडमिट करून पुन्हा झिरो करा. तापमान बदललं तरी झिरो सरकतो, उन्हातल्या पॅनेलपाशी दर काही मिनिटांनी तपासा.

ओह्मकार, तुमच्या १२.४ आणि ड्राइव्हच्या ११.८ मध्ये मात्र भांडणच नाही. अशा क्लॅम्पची अचूकता बहुतेक "२ टक्के + ५ अंक" अशी असते. १२.४ चे २ टक्के म्हणजे ०.२५, शेवटचा अंक ०.१ असेल तर ५ अंक म्हणजे ०.५. एकूण ०.७५ इकडे-तिकडे. फरक ०.६ चा आहे.

फेजबदलू
मान्य, आउटपुटबद्दल माझी घाई झाली. पण मग रोगोव्स्की का नाचतोय? तो तर अत्याधुनिक म्हणून विकतात.

गौरी_टी
अत्याधुनिक कसला, वॉल्टर रोगोव्स्कीचं काम १९१२ चं, आणि त्याआधी चॅटॉकने १८८७ मध्ये हीच कल्पना मांडली होती. स्वस्त आणि चांगले इंटिग्रेटर आल्यावर तिचे दिवस आले.

त्या पट्ट्यात लोखंड नाही. लवचीक नळीवर गुंडाळलेली लांबलचक कॉइल आहे, तारेचं एक टोक मधूनच परत आणलेलं. ती करंट दाखवत नाही, करंट किती वेगाने बदलतोय ते दाखवते. मग इलेक्ट्रॉनिक इंटिग्रेटर त्यातून करंट परत बांधतो. लोखंड नाही म्हणून सॅच्युरेशन (गाभा फ्लक्सने भरून जाणं) नाही, १० किलोअँपिअरलाही फरक पडत नाही. बसबारच्या गर्दीतून सहज फिरतो. डीसी मात्र कधीच दिसणार नाही.

अडचण सिग्नलच्या आकाराची. ०.३२ मायक्रोहेन्रीचं म्युच्युअल इंडक्टन्स धरा. ५० हर्ट्झला १००० अँपिअरचे जेमतेम १०० मिलिव्होल्ट येतात. तुमच्या १२ अँपिअरचे १.२ मिलिव्होल्ट. त्यातून फ्रीक्वेन्सी २० वर आली, म्हणजे ०.४८ मिलिव्होल्ट. इंटिग्रेटर फ्रीक्वेन्सीचा हिशेब सांभाळतो, पण स्वतःचा खालच्या फ्रीक्वेन्सीचा गोंगाटही तितकाच मोठा करतो.

आणि हे अर्धा मिलिव्होल्ट कुठे वाचायचंय? ज्या वायरचं व्होल्टेज दर कॅरिअर सायकलला ५६० व्होल्टच्या डीसी बसवर उडी मारतं, तीही शेकडो नॅनोसेकंदांत. पट्टा आणि वायर यांच्यातल्या काही पिकोफॅरडमधून ती उडी थेट कॉइलमध्ये शिरते. तुमचे १६ आणि १९ बहुधा तिथले आहेत.

तपासायला सोपं: पट्ट्याचं कडं मिटवा, पण वायर आत न घेता नुसता तिच्या अंगाला चिकटवून ठेवा. जो आकडा दिसेल तो सगळा खोटा. मग रेंज ३००० वरून ३० वर आणा, पट्ट्याला वायरभोवती दोन फेरे द्या, दोनाने भागा. पट्ट्याचा जोड वायरपासून लांब ठेवा, तिथे कॉइल तुटलेली असते आणि जागेची चूक सगळ्यात जास्त तिथेच. फेरे देताना पट्टा घट्ट पिळू नका.

अर्थात हे सगळं सप्लाय बंद करून, लॉक लावून, मग पट्टा चढवून. पट्ट्याला इन्सुलेशन आहे म्हणून उघड्या बसबारवर हाताने सरकवायचा नसतो. आयईसी ६१०१०-२-०३२ मध्ये करंट सेन्सर उघड्या कंडक्टरवर चालू असताना चढवता येतात की नाही यावरून प्रकार पाडले आहेत, आपला कोणता ते पुस्तिकेत बघा.

न्यूट्रल
गौरीताई, वाचनखूण साठवली.

फेजबदलू
मग तिन्ही फेज एकत्र पकडले तर शून्य यायला हवा ना? ड्राइव्हवर तो येत नाही असं ऐकलंय.

तारतम्य
येत नाही. इन्व्हर्टरच्या तीन फेजच्या व्होल्टेजची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य नसते, ती दर स्विचिंगला उडते. केबल आणि मोटरचं वाइंडिंग यांच्या जमिनीशी असलेल्या कपॅसिटन्समधून त्या उडीचा करंट अर्थमध्ये जातो. तिन्ही कोअर एकत्र पकडून जो मिळतो तो हा कॉमन मोड करंट. त्याचाच काही भाग बेअरिंगमधून वाट काढतो आणि रेसवर फ्लुटिंगचे पट्टे पाडतो. पण तो शेकडो किलोहर्ट्झ ते मेगाहर्ट्झमध्ये असतो, ४०० हर्ट्झपर्यंतच्या टाँग टेस्टरला काय दिसणार. तिथे स्कोप आणि रुंद बँडविड्थचा प्रोब लागतो.

स्कोपवाली
माझं नाव निघालं.

स्कोपचा एसी-डीसी करंट प्रोब हा वरच्या दोघांचा संसार आहे. एकाच गाभ्यावर हॉल सेन्सरही आणि वाइंडिंगही. डीसी आणि खालच्या फ्रीक्वेन्सीला हॉल सेन्सर फ्लक्स ओळखतो, अँप्लिफायर वाइंडिंगमधून उलटा करंट सोडून तो फ्लक्स शून्याकडे ढकलतो. तो उलटा करंट म्हणजेच मोजमाप. वरच्या फ्रीक्वेन्सीला वाइंडिंग ट्रान्सफॉर्मर म्हणून आपोआप तेच काम करतं. टेक्ट्रॉनिक्सचा टीसीपी००३० घ्या: ३० अँपिअर, डीसी ते १२० मेगाहर्ट्झ.

वापरताना लोक जिथे घसरतात ते:

डीगॉस (गाभ्यात उरलेलं चुंबकत्व घालवणं) न करता मोजणं. प्रोब रिकामा, जबडा लॉक, डीगॉस, मग झिरो. वायर आत असताना डीगॉस केलं तर प्रोब आपला करंट तुमच्या सर्किटमध्ये ढकलतो. वीस-तीस मिनिटं तापू द्या, थंड प्रोबचा झिरो सरकत राहतो.

३० अँपिअर हा आकडा सगळ्या फ्रीक्वेन्सींना लागू आहे असं समजणं. पत्रकात डीरेटिंगचा (फ्रीक्वेन्सीनुसार उतरणाऱ्या मर्यादेचा) आलेख असतो, वर गेलं की तो झपाट्याने उतरतो. पल्ससाठी वेगळी मर्यादा असते, अँपिअर-सेकंद. करंट गुणिले वेळ त्यापलीकडे गेला की गाभा सॅच्युरेट होतो, आणि स्क्रीनवर पल्सचा माथा खाली झुकलेला दिसतो. बघणारा म्हणतो सर्किट खराब.

आणि वेळेचा फरक. व्होल्टेज प्रोब आणि करंट प्रोब यांना सिग्नल पोचवायला वेगवेगळा वेळ लागतो. ४०० व्होल्ट, २० अँपिअर, करंट आणि व्होल्टेजचे चढउतार मिळून ५० नॅनोसेकंद धरले तर स्विचिंगची ऊर्जा सुमारे २०० मायक्रोज्यूल. दोन्ही प्रोबमध्ये १० नॅनोसेकंदांचा फरक राहिला तर चूक ८० मायक्रोज्यूलच्या घरात. ४० टक्के! हीटसिंक दीडपट मोठा निघतो किंवा, वाईट म्हणजे, लहान. आधी डीस्क्यू करा, म्हणजे हा वेळेचा फरक जुळवून घ्या.

हिस्टेरेसिस
डीसी नको, नुसत्या वेगवान पल्स हव्या असतील तर बंद कड्याचे पिअरसन कंपनीचे करंट ट्रान्सफॉर्मर बरे. ११० मॉडेल ०.१ व्होल्ट प्रति अँपिअर देतं. स्कोप ५० ओहमवर ठेवला की बरोबर निम्मं, आणि "करंट अर्धाच का येतोय" असा धागा निघतो.

दादाची वायर
पॅनेलमध्ये १००/५ चे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) असतात, तेही हेच का? मीटर बदलायला त्याच्या वायरी काढल्या तर चालेल?

वाइंडर काका
थांबा! तत्त्व तेच, पण वायरी काढायच्या आधी शॉर्टिंग लिंक लावायची. प्रायमरीत करंट वाहत असताना सेकंडरी उघडी राहिली की उलटा फ्लक्स नाहीसा होतो, सगळा प्रायमरी करंट गाभ्यात फ्लक्स उभारण्यात जातो आणि टोकांवर शेकडो ते हजारो व्होल्ट येऊ शकतात. माणूसही जातो, सीटीही. मिलिव्होल्ट आउटपुटच्या क्लॅम्पमध्ये बर्डन आत कायम जोडलेला असतो, म्हणून तो निर्धास्त उघडता येतो. मिलिअँपिअर आउटपुटच्या क्लॅम्पला मात्र हाच नियम: आधी मीटरला जोडा, मग वायरवर चढवा.

न्यूट्रल
अवांतर: ४-२० मिलिअँपिअरचं (ट्रान्समीटरचा सिग्नल नेणारं) लूप न तोडता मोजणारे छोटे क्लॅम्पही मिळतात. फ्लूक ७७१ ला ०.०१ मिलिअँपिअर दिसतं. ट्रान्समीटरची वायर सोडवून प्लँट ट्रिप करण्यापेक्षा बरं.

खडीसाखर
हा धागा सुरू झाला तेव्हा मला वाटलं होतं चिमट्यात धरलं की झालं.

ओह्मकार (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे करून आकडे देतो. २० हर्ट्झ, ड्राइव्हवर ११.८.

जुना टाँग टेस्टर, तोंडं पुसून (कपडा काळा झाला): ११.४
हॉल क्लॅम्प, जागेवर झिरो करून: १२.१
रोगोव्स्की, सप्लाय बंद करून चढवलेले दोन फेरे, ३० अँपिअर रेंज: २४.४, म्हणजे १२.२
तोच पट्टा वायर न घेता शेजारी चिकटवून, जुन्या ३००० रेंजवर: ३ ते ७, नाचता

एक शंका उरली. ५ हर्ट्झला ड्राइव्ह ११.६ म्हणतो, हॉल ११.९, आणि पुसलेला टाँग टेस्टर पुन्हा ७.९ वर उतरला. अजून घाण आहे का?

वाइंडर काका
घाण नाही. वरचाच हिशेब ५ हर्ट्झला करा: कोपरा ५.६ हर्ट्झ, म्हणजे मिळतात ६७ टक्के. ११.८ चे ६७ टक्के ७.९. मी अंदाजाने धरलेला गाभा तुमच्या मीटरशी इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. तो टाँग टेस्टर ड्राइव्हच्या इनपुटलाही नको, तारतम्य यांनी कारण दिलंय. डीओएल स्टार्टरच्या (ड्राइव्हशिवाय थेट लाइनवर चालणाऱ्या) मोटरी आणि पंप यांच्यासाठी ठेवा, तिथे ५० हर्ट्झ आहे.

फेजबदलू
आणि कपडा धुवून ठेवा.